अडलेले पाणी

मराठी भाषेने डोळ्यांतल्या पाण्याचे फार लाड केले आहेत. आपल्याकडे डोळे भरून येतात, डबडबतात, पाणावतात, झरतात. आसवे गाळली जातात, गिळली जातात आणि पदराने टिपलीही जातात. नक्राश्रू ढाळणारेही कमी नाहीत. कथा-कादंबऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना तर नायिकेच्या डोळ्यांत पाणी दिसले की त्यामागचे दुःख शोधायची सवयच जडते. परीक्षेत त्याला गुणही मिळतात. पण डोळ्यांतून येणाऱ्या पाण्यामागे दर वेळी दुःखच असते असे नाही. कधी कधी त्या पाण्याला जायला वाट नसते, एवढेच. ही साधी गोष्ट मी माझ्या आत्याच्या डाव्या डोळ्यापासून शिकले.

आमची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला आहे. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे निघालेली एस. टी. घाट चढू लागली, की डाव्या-उजव्या वळणांवरून खाली ज्या चार-दोन वाड्यांची कौले दिसतात, त्यांतलीच एक आमची. सह्याद्रीत 'नळी' म्हणजे दोन कड्यांमधली चिंचोळी घळ. वरचे पाणी तिच्यातून खाली उतरते आणि माणूस तिच्यातूनच वर चढतो. घाटाखाली राहणाऱ्याला पाण्याच्या वाटेचे महत्त्व सांगावे लागत नाही. मिरगाच्या आधी रस्त्याकडेची गटारे उपसली नाहीत, एखादी मोरी पालापाचोळ्याने आणि दगडमातीने तुंबली, की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावर येते. तसेच राहू दिले तर रस्त्याची कड पोखरून काढते. ते पाणी पाहून डोंगर रडतो आहे असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही. मोरी तुंबली म्हणतात आणि पहार-फावडे घेऊन निघतात. माणसाच्या डोळ्याच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आमच्या वाडीला सुचले नाही.

मला कळू लागले तेव्हापासून आत्याचा डावा डोळा वाहतच होता. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. आत्याचे यजमान मुंबईला नोकरीत होते. ते आजारपणात गेले, आणि मूलबाळ नसलेली आत्या माहेरी परत आली. डोळा वाहू लागला तो त्यानंतर काही वर्षांनी. पण वाडीने या दोन गोष्टींची गाठ केव्हाच मारून टाकली होती. "नवऱ्यासाठी झुरते बिचारी," असे आधी कळवळ्याने म्हणत. मग कळवळा आटला आणि पाणी तेवढे राहिले. सारखे पुसून पुसून तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याची कातडी लाल होऊन सोललेली असे. पदराचा एक शेव कायम ओला. सकाळी उठली की पापण्या चिकटलेल्या. तुरटीचे पाणी झाले, गुलाबपाणी झाले, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकून झाल्या. चुलीचा धूर लागतो म्हणून आईने तिला चुलीपासून दूरही बसवून पाहिले. डोळा आपला वाहतोच आहे.

या डोळ्याची सर्वांत मोठी शिक्षा तिला झाली ती वेगळीच. तिच्या मांडीवर कोणी लेकरू देत नसे. उघड कोणी बोलत नसे, पण बाळंतिणीच्या खोलीत आत्या गेली की बाळ हळूच दुसरीकडे उचलले जाई. कुणाला वाटे डोळे येतील, कुणाला वाटे दृष्ट लागेल, कुणाला नुसतेच अशुभ वाटे. आत्याने कधी तक्रार केली नाही. ती उंबऱ्याशी बसे, लांबूनच बाळाशी बोले आणि निघून येई. एकदा शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, "किती रडशील गो, पुरे कर आता." त्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "मी नाय रडत, वयनी. डोळाच रडतोय."

२०१९ च्या उन्हाळ्यात पोलादपूरला मोतीबिंदूचे शिबिर भरले. आत्याच्या त्याच डोळ्यात मोतीबिंदूही उतरला होता. बाबा तिला घेऊन गेले. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर, किंचित खाली, बोटाने हलकेच दाबले आणि पापणीच्या कडेच्या सुईच्या अग्राएवढ्या भोकातून पांढरा पू वर आला. कागदावर लाल रेघ पडली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता नाही, आधी याचा बंदोबस्त. आत्या घरी येऊन म्हणाली, "शाळंत कदी गेले नाय आन् नापास मातर झाले."

त्या दिवशी घरात सगळ्यांनाच वाईट वाटले. पण तो नकार किती शहाणपणाचा होता, ते पुढे कळले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळा उघडावा लागतो. शेजारच्याच पिशवीत पू साचलेला असेल तर त्यातले जंतू डोळ्याच्या आत शिरतात आणि दृष्टी परत आणायला गेलेल्या माणसाचा डोळाच हातचा जाण्याची भीती असते. म्हणून आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी अश्रूंची वाट मोकळी आहे की नाही ते पाहून घेण्याची पद्धत आहे. कोपऱ्यावरचा तो एक दाब म्हणजे या तपासणीची पहिली पायरी.

दिवाळीच्या सुट्टीत आत्याला मुंबईच्या एका सरकारी इस्पितळात न्यायचे ठरले. शेतात भातकापणी चाललेली, त्यामुळे आई-बाबांना हलता येईना. बायकांच्या वॉर्डात रात्री सोबतीला बाईमाणूसच लागते. मी तेव्हा नववीत होते, पण बाईमाणसात माझी गणना झाली आणि काकांच्या खोलीवर आमची दोघींची वळकटी जाऊन पडली.

इस्पितळातल्या शिकाऊ डॉक्टरीणबाई वयाने तरुण होत्या. त्यांनी आत्याच्या डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकले आणि बोथट टोकाची बारीक नळी लावलेल्या पिचकारीने खालच्या पापणीच्या त्या छिद्रातून मिठाचे पाणी आत सोडले.

"मावशी, घशात खारट लागतंय का?"

"नाय बा."

पाणी घशात उतरलेच नव्हते. वरच्या पापणीच्या छिद्रातून ते उलटे बाहेर आले होते आणि त्याबरोबर पूही. "नळी खाली बंद आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी केसपेपरच्या मागे पेनाने एक चित्र काढून दिले. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला, कपाळाच्या हाडाखाली अश्रुग्रंथी असते. तिथून थोडे थोडे पाणी दिवसभर झिरपत असते. ते दुःखाचे नसते, डोळा ओला राखण्याचे असते. आपण पापणी मिटतो तेव्हा ते डोळाभर सारवले जाते आणि नाकाकडच्या कोपऱ्यात गोळा होते. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीला एकेक बारीक छिद्र असते. त्या छिद्रांतून दोन पन्हळी निघतात आणि नाकाच्या बाजूला हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रूपिशवीत जातात. पिशवीच्या तळाशी अश्रुनलिका असते. ती हाडाच्या बोगद्यातून उतरते आणि नाकात उघडते. म्हणून तर रडताना नाक वाहू लागते आणि डोळ्यात टाकलेल्या औषधाची कडू चव जिभेला लागते. ही खालची नलिका बुजली की पाणी पिशवीत साचते, साचलेले पाणी नासते आणि उरलेले गालावरून वाहते. चाळिशी-पन्नाशीच्या पुढे हा विकार होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक. बायकांच्या हाडातला हा बोगदा मुळात अरुंद असतो, हे त्याचे एक कारण मानतात. मोरी तुंबली, एवढेच झाले होते. आणि वाडीने तिचा वैधव्याशी संबंध जोडला होता.

उपाय दोन होते. पहिला उपाय पिशवीच काढून टाकण्याचा. शस्त्रक्रिया छोटी, रक्तस्राव कमी; पू कायमचा जातो आणि मोतीबिंदूचा मार्ग मोकळा होतो. वयस्कर आणि लांबून येणाऱ्या रुग्णांसाठी हा उपाय पूर्वीपासून होत आला आहे. दुसरा उपाय मोठा. नाकाच्या बाजूला छेद द्यायचा, पिशवी आणि नाक यांच्यामधले हाड थोडेसे काढायचे आणि पिशवी सरळ नाकाच्या आतल्या अस्तराला जोडून द्यायची. म्हणजे तुंबलेल्या बोगद्याला वळसा घालून नवी वाट. डॉक्टर याला 'डी. सी. आर.' म्हणतात. बाईंनी दोन्ही उपाय नीट समजावून सांगितले. आत्याने एकच प्रश्न विचारला.

"पिशवी काढल्याव पानी ऱ्हाईल का?"

"पू राहणार नाही. पाणी थोडंफार येत राहील, मावशी. त्याची वाटच आपण काढून टाकतो ना."

"मंग दुसरं करा."

काका म्हणाले, या वयात कशाला मोठे दुखणे अंगावर घेतेस. चेहऱ्यावर वण राहील. आत्या म्हणाली, "माज्या तोंडावरचा वन बघायला कोन येनार हाय? पानी बघायला समदी येत्यात."

त्या रात्री वॉर्डात झोप लागेना तेव्हा ती माझ्याशी पुष्कळ बोलली. म्हणाली, "तुझं मामा गेलं तवा मी रडलेच नाय. पेरणीचं दिस व्हतं. त्यास्नी पोचवून आले आन् तिसऱ्या दिशी चिखलात उभी ऱ्हायले. रडायचं ऱ्हाऊनच गेलं." इतकी वर्षे सारे गाव जिला रडताना पाहत होते, तिचे रडणे राहूनच गेले होते. मी काहीच बोलले नाही. वॉर्डातला पंखा करकरत होता.

या दुखण्याचा माणसाने किती जुना पाठलाग केला आहे, ते मी पुढे वाचून जाणले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोग शहात्तर सांगितले आहेत. त्यांतले नऊ डोळ्याच्या सांध्यांत होणारे, आणि त्या नवांतला एक 'पूयालस'. सांध्यात सूज येते, ती पिकते आणि पू वाहतो. आत्याच्या डोळ्याचे वर्णन याहून वेगळे काय करणार? युरोपात १७१३ साली डोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने पापणीच्या छिद्रातून बारीक सळई आणि पिचकारीचे पाणी आत घालण्याची रीत काढली. मुंबईच्या वॉर्डात आत्याच्या डोळ्याशी आलेली पिचकारी त्याच घराण्यातली म्हणायची. तुंबलेल्या बोगद्याचा नाद सोडून हाडातूनच नवी वाट पाडावी, हा विचार फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती या इटालियन डॉक्टरने १९०४ साली मांडला. पिशवीचे अस्तर आणि नाकाचे अस्तर एकमेकांना शिवून ती वाट पक्की करण्याची सुधारणा १९२१ च्या सुमारास द्यूपी-द्यूताँ आणि बूर्गे या फ्रेंच जोडीने केली. आत्याची शस्त्रक्रिया झाली ती शंभर वर्षांनंतरही मुख्यतः याच रीतीने, आणि दहांपैकी नऊ जणांना ती गुणकारी ठरते.

नाकातून शिरून आतूनच वाट पाडण्याचे प्रयत्नही जुने आहेत. न्यूयॉर्कच्या कॅल्डवेलने १८९३ साली तसा एक केला होता. पण नाकाच्या अंधारात दिसणार कसे, ही अडचण होती. ती दुर्बिणीने सोडवली. १९८९ मध्ये मॅकडोनाफ आणि मेरिंग यांनी दुर्बिणीतून केलेली ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तिच्यात चेहऱ्यावर वण राहत नाही. काही रुग्णांत नवी वाट बुजू नये म्हणून सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे आत ठेवतात. आपल्या देशातही या एवढ्याशा वाटेचा अभ्यास करण्यात आयुष्य घालणारे लोक आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले डॉ. मोहम्मद जावेद अली हे त्यांपैकी एक. ज्या वर्षी आत्या वॉर्डात होती, त्याच २०१९ सालचा वैद्यकशास्त्रातला भटनागर पुरस्कार मिळणाऱ्यांत ते होते. वाडीत ज्याला अशुभ म्हणत होते, त्याचे इकडे शास्त्र झाले होते.

शस्त्रक्रिया त्या जागेपुरती भूल देऊन झाली. आत्या जागीच होती. बाहेर आल्यावर तिच्या नाकात कापसाचे बोळे होते आणि डोळ्यावर पट्टी. "दुकलं नाय," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पर डोक्यात कडकड वाजत व्हतं. घाटात सुरुंगाला भोकं पाडत्यात ना, तसं." हाड चिमट्याने तुकड्या-तुकड्याने काढतात, तो तो आवाज. त्या रात्री घशात रक्ताची चव येई म्हणून ती उशीला टेकून बसून राहिली. पथ्ये बरीच होती. नाक शिंकरायचे नाही, वाकून काम करायचे नाही, गरम खायचे-प्यायचे नाही. आत्याने सारे निमूट पाळले, फक्त कोमट चहाबद्दल ती शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. घरी आल्यावर आईने फुंकणी माळ्यावर टाकून दिली, कारण आत्या चुलीपुढे बसली की तिचा हात आपोआप फुंकणीकडे जाई.

टाके काढायच्या दिवशी पुन्हा तीच पिचकारी आली. मी श्वास रोखून उभी होते. बाईंनी हळूच पाणी सोडले. आत्याने गिळल्यासारखे केले, तोंड वाकडे केले आणि एवढ्या मोठ्याने "खारट!" म्हणून ओरडली, की शेजारच्या खाटांवरच्या पट्टीबंद बायाही हसू लागल्या. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत तिचा मोतीबिंदूही निघाला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली; चार आठवडे उशीर झाला असता तर सगळेच राहिले असते.

मग २०२१ चा जुलै आला. आंबेनळीने त्याआधीही दुःख पाहिले होते. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत कोसळली होती आणि एकच जण वाचला होता. पण २०२१ च्या त्या पावसाने सारा मुलूखच हलवला. महाड सावित्रीच्या पुरात बुडाले. घाटाचा रस्ता जागोजाग तुटला. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. आमच्या वाडीने त्या रात्री शाळेत आसरा घेतला होता. फोन बंद, वीज नाही. तळियेची बातमी आमच्यापर्यंत उशिरा पोहोचली. ऐकताच आत्या शाळेच्या व्हरांड्यात मटकन खाली बसली आणि रडू लागली. खूप रडली. दोन्ही डोळ्यांतून सारखेच पाणी येत होते. मग तिने पदराने नाक पुसले, डोळे पुसले आणि थोड्या वेळाने ती उठून पोरांना भात वाढायला गेली. मी तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहिले. तो कोरडा झाला होता. एरवी न थांबणारे पाणी, रडणे संपल्यावर थांबले होते. राहून गेलेले रडणेही त्यात थोडे असेल. पण ते मी तिला विचारले नाही.

पुढच्या वर्षी माझ्या चुलतभावाला मुलगी झाली. दोन-तीन आठवड्यांत बाळाचा एक डोळा पाझरू लागला, पापण्या चिकटू लागल्या. लगेच कुजबुज सुरू झाली, की आत्याचा डोळा बाळाला लागला. या वेळी मात्र आत्या उंबऱ्यावरून उठली नाही, तिथूनच तिने भावजयीला सांगितले, "उद्याच्याला पोलादपूरला डाक्तरकडं न्या. नळी हाय ती, बाकी काय नाय." तिचे खरे होते. काही बाळांच्या अश्रुनलिकेच्या खालच्या तोंडावरचा पातळ पडदा जन्मापर्यंत फाटलेलाच नसतो. दहांतल्या नऊ जणांचा तो वर्षाच्या आत आपोआप मोकळा होतो. अमेरिकेतल्या क्रिग्लर नावाच्या डॉक्टरने १९२३ साली सांगितलेले मालिश त्याला मदत करते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर स्वच्छ बोट ठेवून नाकाच्या कडेने खाली दाबत आणायचे. वर्षानंतरही डोळा पाझरत राहिला तरच भूल देऊन बारीक सळईने पडदा उघडतात.

पोलादपूरच्या डॉक्टरांनी मालिश दाखवून दिले. बाळाच्या आईचा हात कापे. जोर किती द्यावा ते तिला कळेना. तेव्हा आत्या पुढे झाली. नखे कापली, साबणाने हात धुतले आणि मांडी घालून बसली. बाळ तिच्या मांडीवर दिले गेले. मला आठवते तेव्हापासून प्रथमच. करंगळीचे टोक ठेवून ती सावकाश खाली दाबत आणी, दिवसातून चार-पाच वेळा, मनातल्या मनात मोजत. आठव्या महिन्यात बाळाचा डोळा स्वच्छ झाला. तोवर बाळाला त्या मांडीची इतकी सवय झाली होती, की दुसरीकडे झोपेना.

आज मी कला शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. वर लिहिले आहे तेवढेच मला येते. पण आमच्या मुलखात उंबऱ्याशी बसून लांबूनच बाळाशी बोलणाऱ्या बाया अजून पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा डोळा वाहताना दिसला, तर 'का रडतेस?' हा प्रश्न जरा मागे ठेवावा आणि आधी विचारावे, 'किती दिवसांपासून वाहतो आहे?' उत्तर महिन्यांत आले, तर पोलादपूरची एस. टी. सकाळी लवकर सुटते.